आमच्या दारावरचा कडुनिंब

चहा घ्या आणि जरा खिडकीकडे सरकून बसा. तिकडून तलावाची हवा येते. आज या हवेचीच गोष्ट सांगणार आहे. ही हवा घरात आणायच्या नादात मी माझ्या बायकोला गावभर अंथरुणाला खिळवलं, आणि तेही ती माहेरी आरामात बसलेली असताना. हसा, हसा. एवढा मूर्खपणा करायलाही माणसाला थोडी कल्पनाशक्ती लागते.

तर आमची करडी गावात चक्की आहे. वडिलांनी ती घराच्या पुढच्या खोलीत टाकली आणि मी तिथेच चालवत राहिलो. म्हणजे पुढे चक्की, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. देवाच्या फोटोवर पीठ, उशीवर पीठ, नवरा घरात आला की त्याच्या भुवयांवर पीठ. त्यात होळी आली की मिरच्यांचे दिवस. मिरची-हळद कुटायची मशीन त्याच खोलीत. त्या महिन्या-दोन महिन्यांत आमच्या घरात रडायला कारण लागत नसे.

मी त्या धुळीतच वाढलो, मला तिचं काही वाटत नसे. शिवाय मी पडलो स्वप्नाळू. पट्टा घरघरायला लागला की माझे डोळे उघडे असतात, पण मी तिथे नसतो. कधी तलावातल्या डोंग्यात पडून असतो, कधी मोहाच्या झाडाखाली. एकदा असाच मनातल्या मनात पोहत होतो आणि सरपंचबाईंच्या गव्हाआधी त्याच चक्कीवर कोणाची तरी हळद दळलेली, ती झाडून घ्यायचं विसरलो. त्यांच्याकडे आठवडाभर पिवळ्या पोळ्या झाल्या. पाहुण्यांनी तारीफ केली म्हणून मी वाचलो.

पण माझी बायको, ललिता, वाचत नव्हती. तिला खोकला लागला तो जाईचना. तुमसरच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "गोळ्या देतो, पण घराची हवा बदला. धूळ, धूर, कोंदटपणा कमी करा. नाहीतर या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील." मी मान डोलावली. घरी येऊन काय केलं? मिरच्या कुटल्या. हंगाम होता ना.

चैत्रातल्या एका पहाटे मी उठलो तर ललिता दारात पिशवी घेऊन उभी. बाहेर तिचा भाऊ नरेश मोटारसायकल सुरू करून थांबलेला.

"मी बपेऱ्याले चालली," ती म्हणाली.

"काहून?"

"श्वास घ्याले."

"मंग कधी येशीन?"

"या घरात श्वास घेता येईन तवा."

आणि गेली माहेरी. भांडण नाही, आदळआपट नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं. खरं सांगतो, ज्या खोकल्याने माझी झोपमोड व्हायची, तो ऐकू येईना म्हणून मला झोप येईनाशी झाली. घर एकदम मोठं झालं. मला पहिल्यांदा भीती वाटली, की ही बाई परत आलीच नाही तर?

त्याच दुपारी शेजारच्या यशोदाकाकी लेकीकडून परतल्या. कुंपणावरून डोकं काढून म्हणाल्या, "सुधाकर, ललिता दिसून नाई राहिली बापू?"

आता काय सांगायचं? 'धुळीपायी बायको सोडून गेली' असं सांगितलं तर दळणासोबत लोक माझीही चटणी करतील. माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे ना आत. जरा पडली आहे. आराम करते."

एवढंच. गावाशी एवढं एकच खोटं. बाकी सगळं मी अगदी खऱ्या मनाने केलं, आणि त्यानेच घात झाला.

मी ठरवलं, ललिता येईल तेव्हा तिला हे घर ओळखू येता कामा नये. सांगायचं काहीच नाही, एकदम दाखवायचं. मागचा गुरांचा गोठा रिकामाच होता. मिस्त्री बोलावून चक्की तिकडे हलवायला घेतली. वीज जोडायला वेळ लागणार होता, म्हणून दारावर खडूने लिहिलं, 'दळण बंद आहे.' मग पुढची खोली ओल्या फडक्याने पुसली. पुसली म्हणजे काय, पहिल्या बादलीत तर चक्क कणीक मळली गेली.

आणि मग ती खिडकी. तलावाकडच्या भिंतीला एक खिडकी होती. पीठ उडतं म्हणून वडिलांनी खिळे ठोकून बंद केलेली. तिच्यापुढे पोत्यांची थप्पी. मी स्वतः विसरलो होतो की आपल्या घराला तलाव दिसतो. खिळे काढले, फळ्या उघडल्या, आणि हवा आत आली. मोहाच्या फुलांचा वास घेऊन आली. पाण्यावर ऊन हलत होतं, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बगळे उभे होते. मी फडकं हातात धरून तिथेच खाली बसलो. किती वेळ बसलो ते विचारू नका. ललिता इथे बसून तांदूळ निवडते आहे, तिचे केस हवेने उडत आहेत, आणि ती खोकत नाही, असं मला स्वच्छ दिसत होतं. मी तिच्याशी दोन शब्द बोललोसुद्धा.

त्या तंद्रीत मी पुढचे नियम केले. चपला बाहेर, म्हणजे धूळ येणार नाही. तळण आणि फोडणी बंद, म्हणजे धूर नाही. (मला फोडणी जमतही नाही, ते वेगळं.) चक्कीपायी जन्मभर ओरडून बोललो, आता हळू बोलायचं. दाढी करायचं कामाच्या गडबडीत राहूनच गेलं. आणि सगळ्यात शेवटी माझी खास कल्पना. तलावामुळे डास येतात, म्हणून कडुनिंबाचे चांगले पालेदार डहाळे आणून दारावर आणि खिडकीवर बांधले. लांबून पाहिलं. दार इतकं सुंदर दिसत होतं की माझे डोळे भरून आले.

तुम्ही आमच्या झाडीपट्टीतले असाल, तर एव्हाना कपाळाला हात लावला असेल. नसाल तर सांगतो. आमच्याकडे घरात कोणाला कांजण्या निघाल्या की म्हणतात माता आली. मग दारावर कडुनिंब लागतो. घरात दळण-कांडण बंद. फोडणी बंद. चपला बाहेर. घरच्यांनी दाढी करायची नाही, केस विंचरायचे नाहीत, मोठ्याने बोलायचं नाही. बाहेरच्याने त्या घरात जायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, काय झालं ते कोणी नाव घेऊन विचारायचं नाही.

हे सगळं मला माहीत नव्हतं का? पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. पण मी माझं दार आतून बघत होतो, गाव बाहेरून बघत होतं.

दुसऱ्या दिवशी काकी कुंपणाशी आल्या, पण चार हात लांब थांबल्या. आवाज अगदी खालचा.

"सारं शांत हाये ना, सुधाकर?"

"एकदम शांत, काकी," मीही खालच्या आवाजात.

"थंडं खाऊ घालजो. ताप देऊ नको."

"नाही काकी, आता या घरात ताप म्हणून राहणार नाही."

"मायची मर्जी," असं म्हणून त्यांनी हात जोडले. मला वाटलं, बाई किती श्रद्धाळू.

मग गाव एकदम सुधारल्यासारखं वाटायला लागलं. माझ्या दारासमोरून जाणारे सायकलची घंटी वाजवेनात. पोरं लांबून वळसा घेऊन जायची. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बाया दार बघायच्या, कपाळाला हात टेकवायच्या आणि तशाच परत जायच्या. रोज सकाळी कोणीतरी पायरीवर दहीभाताचा डबा ठेवून जायचं. मी म्हटलं, बघा, माणूस चांगलं काम करायला लागला की गाव आपोआप पाठीशी उभं राहतं. सकाळी बाया ओल्या पदराने, हातात पाण्याचे गडवे घेऊन गावाबाहेरच्या मातामायला, देवीला, पाणी घालायला जाताना दिसायच्या. मी खिडकीतून त्यांना नमस्कारही करायचो. त्या पदराने डोळे टिपायच्या.

अशात एक दिवस परसातून डोमाजी आला. डोमाजी म्हणजे आमच्या दंडारीतली, गावच्या नाचगाण्याच्या खेळातली, नटी. बायकांची कामं तो करतो. खांद्यापर्यंत केस ठेवलेले, आवाज असा की घुंगट घेतल्यावर सख्खी आईही फसेल. भर उन्हात शाल गुंडाळून तलावाच्या पाळीने आला आणि मागच्या दारात उभा राहिला.

"येऊ का गा? घरचे कुठी बसू देत नाई. म्हटलं, तुयाकडे तर आता कायचा परहेज?"

"ये की, परहेज कसला," मी म्हणालो. त्याच्या घरी सासू-सुनांचं जुंपलेलं असतं, तो शांतता शोधत आला असेल, असं मी समजून घेतलं. समजून घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

खिडकीशी खाट होती, तिच्यावर तो आडवा झाला. थंडी वाजते म्हणाला, म्हणून ललिताची गोधडी दिली. त्याच्या मानेवर, कपाळावर बारीक फोड दिसले.

"डास चावले तुले," मी म्हटलं. "घरासमोर पानी साचू देतोस ना?" आणि मी त्याला डासांवर एक लांबलचक भाषण दिलं.

तो बिचारा ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "तू तसं समज, भाऊ." नाव घ्यायचं नसतं ना. आणि ललिता पडद्यामागे पडून असेल असं धरून तो तिकडे बघायचाही नाही.

मग तो रोज दुपारी यायला लागला. मोकळे केस उशीवर पसरून, गोधडी गळ्यापर्यंत ओढून, तलावाकडे बघत पडायचा. बरं वाटलं की पुढच्या खेळाची तालीम म्हणून नायिकेच्या आवाजात गुणगुणायचा. मीही शेजारी चटईवर पडायचो. वारा, पाण्याचा चमचमाट, त्याचं ते गाणं. स्वर्ग म्हणतात तो करडीच्या आसपासच कुठेतरी असावा, अशी माझी खात्री झाली होती.

अशाच एका दुपारी ललिताचा फोन आला.

"काय करून राहिले?"

"पडलो आहे."

"भरदुपारी? चक्की?"

"बंद आहे," मी तंद्रीतच बोललो.

 मग तिचा आवाज बदलला. "कोन गाऊन राहिली तिथं?"

मला तर गुपित राखायचं होतं. घाबरून म्हणालो, "कोणी नाही गं. हवा आहे."

तिने फोन ठेवला. मला वाटलं, रेंज गेली.

आता इकडे नरेश तुमसरच्या बाजारात गेला होता. तिथे त्याला आमच्या गावचा एक जण भेटला आणि गळ्यात पडून म्हणाला, "तुयी बहीन कशी हाये गा आता? बिचारी खिडकीपाशी पडून रायते. मोकळे केस दिसतात लांबून. सुधाकर बाजूलेच बसून असते, एक घटका उठत नाई. असा नवरा पायजे."

नरेशने हे घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. ललिता तेव्हा अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. सुपातली फुलं खाली ठेवून तिने एकच प्रश्न विचारला म्हणे, "मी इथं हावो, तर तिथं कोन पडून हाये?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारसायकल आमच्या दारात. यशोदाकाकी मातामायला पाणी घालून गडवा घेऊन येत होत्या. ललिताला बघून त्यांच्या हातातला गडवा खाली पडला.

"अवो ललिता! तू बाहेर कायले आली? अंगाले वारा लागन ना."

"मी बाहेरच हावो, काकी. आतमंदी कोन हाये ते पाहाले आली."

काकींनी ललिताकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. हळूहळू आणखी चार बाया जमल्या. ज्यांनी ज्यांनी पायरीवर दहीभात ठेवला होता, त्या सगळ्या.

मी गोठ्यातून आलो. अंगावर ग्रीस, वाढलेली दाढी, हातात ताजा कडुनिंबाचा डहाळा. ललिता समोर उभी. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. ती आली होती, न बोलावता आली होती.

"आत कोन हाये?" तिने विचारलं.

मी हसून म्हणालो, "आत चल तर खरी. जे पाहशील, ते पाहून तुझं मन थंड होईल."

नरेशने बाह्या वर सरकवल्या. त्या का सरकवल्या, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, सामान उचलायला मदत करतोय.

ललिता आत गेली. मागे नरेश, मागे मी, दाराशी बाया. खिडकीशी खाट. खाटेवर ललिताची गोधडी. उशीवर मोकळे केस. ललिता तिथेच थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं नव्हतं. तेव्हा कुठे माझं स्वप्न फाटलं. मला कळलं की ही काय समजून आली आहे. 

"भाऊजी," नरेश दात आवळून म्हणाला, "हे कोन?"

गोधडी हलली. केस बाजूला झाले. आणि फोडांनी भरलेला डोमाजीचा चेहरा वर आला. ललिताला बघून तो धडपडत उठून बसला, हात जोडले, आणि त्याच्या खऱ्याखुऱ्या भरदार आवाजात अगदी आपुलकीने विचारलं, "वहिनी, आता बरं वाटते का तुमाले?"

पुढचं काय सांगू. दाराशी कोणीतरी फिसकन हसलं आणि मग कोणाच्यानेच आवरेना. नरेश तर भिंतीला टेकून खाली बसला. मी डहाळा हातात धरून सगळं पहिल्यापासून सांगितलं, खोटं बोललो तेही सांगितलं. काकी मात्र चिडल्या.

"रोज उनातानात पानी घातलं मी मायले. ते कायच्यासाठी मंग?"

"राहू द्या काकी," ललिता म्हणाली, "कुठीतरी कामी येईन."

डोमाजीला नरेशने घरी पोचवलं. गर्दी पांगली. ललिता खिडकीशी गेली. चौकटीवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. स्वच्छ होतं. बाहेर बगळे उभे होते. तिने डोळे मिटले आणि श्वास घेतला. लांब, खोल, पार पोटापर्यंत जाणारा. मी तिच्या मागे उभा राहून माझा श्वास धरून ठेवला होता. आता खोकेल, मग खोकेल. ती खोकली नाही.

"नरेश आला की पिशवी आत ठेवाले सांगा," ती म्हणाली.

मी वळून डोळे पुसले. पीठ गेलं म्हणालो. घरात चिमूटभर पीठ नव्हतं, तरी तिने ऐकून घेतलं.

इथेच थांबलो असतो तर किस्सा माझ्या फायद्याचा झाला असता. पण नाव साफ करायला मी गावभर फिरलो. पारावर, पानठेल्यावर, दूध डेअरीवर, जो भेटेल त्याला सांगायचो, "निंबाचा माता-बिताशी काही संबंध नाही. तो हवेसाठी. निरोगी घराची खूण आहे ती." गोठ्यात चक्की सुरू झाली. बाया दळण टाकून खिडकीशी बसायला यायच्या, घर बघायच्या. हळूहळू अर्ध्या गावाच्या दारावर कडुनिंब आला. मला स्वप्नात करडी हिरवीगार दिसायला लागली, आणि मधोमध हार घातलेला मी.

पंधरवडा झाला असेल. एका सकाळी अंग मोडून आलं. छातीवर बारीक फोड.

"डास," मी ललिताला म्हणालो.

तिने सदरा वर केला आणि कपाळाला हात लावला. "तुमाले लहानपनी येऊन गेली होती ना?"

"गेली होती की."

खात्रीसाठी चिखल्याला दिलेल्या मोठ्या बहिणीला फोन लावला. ती हसायलाच लागली. "तुले नाई रे, मले आली होती. तू तवा मामाकडे होता." ललिताला मात्र खरोखरच लहानपणी येऊन गेलेली. त्यामुळे खाटेवर मी आणि सेवेला ती.

डॉक्टरांनी औषध दिलं, घरातच राहा, लोकांना लांब ठेवा म्हणाले. ललिताने दारावर कडुनिंबाचा चांगला जाड झुपका बांधला. त्या झुपक्याखालून पहिल्या दोन बाया डबे घेऊन थेट आत.

"आत नका येऊ वो," ललिता दारात आडवी झाली, "माता हाये घरात."

"हो हो, हवेसाठी ना?" एक म्हणाली. "नवऱ्यासारखीच झाली तू बी."

तिने पार शपथ घेतली, तरी कोणी ऐकेना. दुपारपर्यंत डबे येतच राहिले. शेवटी ललिताने कमरेला पदर खोचला, स्टूल आणलं, आणि दारावरचा कडुनिंब काढून टाकला. एक पानसुद्धा ठेवलं नाही.

घटकाभरात यशोदाकाकी रस्त्याच्या पलीकडे येऊन उभ्या. आवाज खालचा.

"निंब काहून काढला वो ललिता? घरात कोनी बिमार हाये का?"

त्यानंतर आमच्या दाराकडे चिटपाखरू फिरकलं नाही. मी खाटेवरूनच आवाज दिला, "काकी, माझ्यासाठी मातामायला गडवाभर पाणी घालाल का?"

"घालीन, बापू," काकी म्हणाल्या. "पन मागचं सारं ललिताच्या नावानं घातलं. तुले आता नव्यानं सुरू कराव लागन."

मी खिडकीकडे कूस वळवली. तलावावरून वारा येत होता. आत ललिता फोडणीशिवायचं वरण ढवळत होती, आणि गुणगुणत होती, आणि खोकत नव्हती. घर अगदी मनासारखं निरोगी झालं होतं. त्यात बिघडलेली वस्तू एकच उरली होती, आणि ती खिडकीशी पडून हवा खात होती.